गडव्यावरचं नाव

या ग्रुपवर मी नुसती वाचायला येते. वाचते, हसते आणि झोपते. कुणाच्या पिंपळावर कोण बसलंय, कुणाच्या गाडीमागे कोण धावतंय… खरं सांगू का, मला या सगळ्या गप्पा वाटायच्या. मेहकरला माझं ब्युटी पार्लर आहे. खुर्चीत डोळे मिटून बसलेली बाई काय काय सांगते ते मला विचारा. थ्रेडिंगचा दोरा कपाळावर फिरत असतो तोवर निम्म्या बायकांच्या घरात कोणी ना कोणी दिसलेलं असतं. मी आपली हो हो म्हणायची आणि भिवई झाली की आरसा हातात द्यायची. विषय संपला.

आता मीच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा, मला राग येणार नाही. (येईल, पण तुम्हाला दिसणार नाही.)

आमचे हे मूळचे डोणगावचे, दिनकर पुंडलिक खोडके. मेहकरला आमचं कृषी केंद्र आहे, बियाणं-खतांचं दुकान. ते आता मुलगा बघतो. दुकानातून मोकळे झाल्यापासून ह्यांचं एकच टुमणं होतं : शेगावात महिनाभर राहायचं. एक दिवस दर्शन घेऊन संध्याकाळच्या बसनं परत, असं नाही. घर घेऊन राहायचं, रोज पायी दर्शनाला जायचं, येताना भाजी आणायची, घरचं खायचं.

"अन् पार्लर कोण पाह्यल? तुम्ही करसान का आयब्रो?" मी म्हणायची.

दिवाळीच्या आधी तर ह्यांनी मोबाईलवर एक सर्व्हिस अपार्टमेंट शोधून बुकिंगपर्यंत मजल मारली होती. फोटो दाखवले. किचन, गॅस, भांडीकुंडी, झाडू-पोछ्याला बाई, सगळं. मी अशी काही ओरडले की विचारू नका. दिवाळीचा सीझन, बाहेर बाकावर बायका बसलेल्या, आणि हे म्हणतात शेगावला चल! ह्यांनी बुकिंग सोडून दिलं. मोबाईल खिशात टाकला आणि दुकानात गेले.

मग उन्हाळा लागता लागता आमच्या बाथरूमचा पाइप फुटला. मिस्त्री म्हणाला, सगळी फरशी खोदावी लागते. घरभर धूळ. मुलगा म्हणाला, "आई, बाबाले घेऊन शेगावले जाय ना महिनाभर. नाहीतरी इथं राहाची सोय नाही." तेव्हा माझा नाइलाज झाला. हे मात्र असे खूश झाले की स्वतः बॅग भरली. ह्यांनी फोटो दाखवला होता तोच फ्लॅट मिळाला.

आता जागा सांगते. कारण पडका बंगला आणि सुनसान रस्ता डोळ्यापुढे आणाल, तसलं काही नाही. स्टेशनकडून मंदिराकडे येणाऱ्या भर वर्दळीच्या रस्त्यावरची नवी बिल्डिंग. खाली ओळीनं दुकानं, पेढे, हार, फोटो, आणि कोपऱ्यावर कचोरीची कढई, ती सकाळी चढली की उतरतच नाही. समोर दोन लॉज. ऑटोवाले "स्टेशन, स्टेशन, चला स्टेशन" करतात. बसमधून उतरलेल्या बाया रस्त्याच्या मधोमध उभं राहून एकमेकींना हाका मारतात. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनीत उभं राहिलं की वेळ कसा जातो कळत नाही. भुताला पाय ठेवायला जागा नव्हती तिथं!

पण पहिलाच दिवस विचित्र गेला.

आम्ही दुपारी पोचलो. मी बॅगा उघडत होते, दार लोटलेलंच होतं. चादरी घेऊन एक बाई आत आली. पन्नाशीची, काटकुळी, नऊवारी. कौसल्याबाई, हे नाव नंतर कळलं. ती मला पाहून थांबली आणि तोंडभर हसली.

"आल्या काय ताई? मले वाटलं, आता कायले येसान तुमी."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी ओळख माझ्यावर चिकटवतेय. मी म्हटलं, "आम्ही पहिल्यांदाच येतोय."

तिनं ते ऐकलंच नाही. माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली, "केस काळे केले वाट्टे. बरं केलं. मनाले लावून घेऊन बसलं तर कसं होईन?"

आता सांगा! पार्लरवालीला तोंडावर विचारते, केस काळे केले का म्हणून! मी डाय करते, हो करते, पण मुळापासून इतका बारीक करते की सख्ख्या नणंदेला ठाऊक नाही. माझं डोकंच सणकलं. तेवढ्यात हे आतल्या खोलीतून टॉवेल शोधत बाहेर आले. कौसल्याबाईनं ह्यांच्याकडे बघितलं. मग माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे. मग परत ह्यांच्याकडे.

"हे कोण होय?" तिनं विचारलं. आवाज एकदम बारीक.

"कोण म्हणजे? नवरा आहे माझा!" मी खेकसलेच.

तिच्या हातातल्या चादरी खाली पडल्या. उचलल्याही नाहीत तिनं. उलट्या पावली गेली. दुसऱ्या दिवसापासून झाडायला दुसरीच पोरगी येऊ लागली. कौसल्याबाई जिन्यात दिसली की भिंतीकडे तोंड करायची. हे मला चिडवायचे, "तू पहिल्याच दिवशी त्या बिचारीले खाल्लं. आता ती कायले येते वर?"

मी म्हटलं, डोक्यावर परिणाम झालेला असेल बाईच्या. सोडून दिलं.

दिवस मजेत जाऊ लागले, हे कबूल करते. पार्लर नाही, फोन नाही. हे सकाळी दर्शनाला जायचे, येताना कधी मेथी, कधी भरिताची वांगी आणायचे. मी आरामात अंघोळ करून आरशासमोर बसायची. इथं एक गोष्ट सांगून ठेवते, पुढे लागणार आहे. लहानपणी मी विळीवर पडले होते, तेव्हापासून माझी डावी भिवई मधोमध तुटलेली आहे. शेपटाकडच्या अर्ध्या भागात केसच नाही. अंघोळ झाली की माझं पहिलं काम म्हणजे पेन्सिलनं तो भाग भरणे. ह्यांच्याशिवाय हे कुणालाही माहीत नाही. पार्लरवालीचीच भिवई अर्धी म्हटल्यावर माझ्याकडे कोण आलं असतं?

मग ती सकाळ.

हे दर्शनाहून आले ते घामाघूम. ऊन तसं चढलं नव्हतं. सोफ्यावर बसले आणि छाती चोळायला लागले.

"काय झालं?"

"काही नाही. जरा जळजळ होऊन राह्यली."

"कचोरी खाल्ली ना?"

"एकच."

"एक म्हणजे दोन. मिरची?"

हे पंख्याकडे बघायला लागले. मी ओरडायला सुरुवात केली. वय काय, तेल काय, घरात उपमा झाकून ठेवलाय तो काय कुत्र्याला घालू? ते आपले डोळे मिटून ऐकत होते. "अवं, ओवा दे जराक. गॅस झाला. मंग पडतो थोडा वेळ." टीव्ही लावला आणि सोफ्यावरच आडवे झाले.

मी किचनमध्ये गेले. ओव्याची डबी मी मेहकरहून आणली होती. चिमूटभर नाही, चांगला मूठभर ओवा हातावर घेतला, सैंधव घेतलं. कोमट पाणी द्यायला भांडं हवं होतं, पण रोजचे पेले खरकट्यात पडलेले. वरच्या कपाटात हात घालून चाचपडलं. अगदी मागे एक स्टीलचा गडवा लागला. गडवा म्हणजे आपला पाण्याचा तांब्या. विसळला, त्यात पाणी ओतलं, आणि ओतता ओतता त्याच्या गळ्याखालचं नाव दिसलं.

भांड्यावर नाव असणं यात नवल काय? आमच्याकडे लग्नातलं भांडं, बारशातलं भांडं, सगळ्यांवर मशीननं नाव घालतात. आणि कोणी गेलं की तेरवीला जेवायला आलेल्यांना गेलेल्याच्या नावाचं भांडं वाटतात. कोणाच्याही मांडणीत असे पाच-सहा गडवे, पेले निघतील. आपण कोणाच्या नावाचं पाणी पितो हे बघतही नाही. मीही बघितलं नसतं. पण 'डोणगाव' असं दिसलं म्हणून फिरवून वाचलं.

कै. दिनकर पुंडलिक खोडके, डोणगाव, यांच्या स्मरणार्थ.

आणि खाली बारीक अक्षरात : श्रीमती निर्मला दिनकर खोडके व परिवार, मेहकर.

निर्मला मी.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. ह्यांच्या नावाआधीचं 'कै.' मी वाचलं, तरी ते डोक्यात शिरलं नाही. नावासारखं नाव असतं. पण माझ्या नावाआधी 'सौ.' नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेत, रेशनकार्डावर, पार्लरच्या पाटीवर, आयुष्यभर जे अक्षर माझ्या नावाच्या पुढे चाललं ते तिथं नव्हतं. 'श्रीमती' होतं. ओट्याला धरून उभी राहिले.

मग आला राग. कोणाची ही थट्टा? मी गडवा ह्यांच्यापुढे नेऊन धरला. ह्यांनी चष्मा न लावताच डोळे बारीक करून वाचलं, आणि हसले.

"माही तेरवी होऊन गेली, अन् मलेच सांगतलं नाही कोणी! बुंदी होती का?"

"हसू नका!"

"अवं, असतीन कोणी दुसरे खोडके. डोणगावात काय कमी आहेत?"

"अन् त्याच्या बायकोचं नावही निर्मला? अन् राहते मेहकरात?"

त्यांनी हात हलवला आणि कूस बदलली. "ओवा दे अन् जाऊ दे. झोपू दे मले."

मी ओवा मुठीत, गडवा दुसऱ्या हातात, तशीच दाराबाहेर गेले. जिन्यात कौसल्याबाई पोछा मारत होती. मला पाहून तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"हा गडवा कोणी ठेवला आमच्या किचनमध्ये? कोणाचे धंदे आहेत हे?"

तिनं गडव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

"ताई… तुमीच तं ठेवला."

"मी?"

"दिवाळीनंतर आल्त्या ना तुमी. एकल्याच. ह्याच घरात राह्यल्या. मले एक गडवा देल्ला, या झाडणाऱ्या पोरीले एक देल्ला, अन् हा वर ठेवला. म्हणे राहू दे, येणाऱ्याले पाणी प्याले होईन."

ती बोलत राहिली, एकदा सुटल्यावर थांबेना.

"तुमी त्या ओट्यापाशी बसून रडत होत्या. मी पाठीवरून हात फिरोला तुमच्या, इसरल्या काय? म्हणत होत्या, त्यायले लय वाटे इथं राहावं, मीच नाही म्हटलं. दिवाळीत भजे खाल्ले, छातीत जळजळ होते म्हणे, अन् मी ओवा देल्ला. गॅस असंन म्हटलं, पडा जरासे. टीव्ही लावला, झोपले… ते उठलेच नाही. म्हणून त्या दिवशी मी पाह्यलं, तुमी कुकू लावून, अन् बाजूले माणूस. मले काय समजाव ताई?"

माझ्या मुठीत ओवा होता. घामानं हाताला चिकटला होता.

मी जिना कसा चढले माहीत नाही. आत टीव्ही चालू होता आणि हे डोळे मिटून पडले होते. तोंड राखेसारखं.

"उठा!"

"आँ?"

"उठा म्हणते ना! दवाखान्यात चला!"

"अवं आता डोळा लागून राह्यला होता…"

मी त्यांना दंडाला धरून उभं केलं. शिव्या घातल्या. खरंच घातल्या, बायकोनं नवऱ्याला घालू नयेत अशा. चप्पल घालू दिली नाही. कौसल्याबाई धावत आली, तिनं दुसरा दंड धरला. खाली उतरेपर्यंत ह्यांचा शर्ट ओला झाला होता आणि बोलणं थांबलं होतं. हे बोलायचे थांबले तेव्हा मी खरी हादरले. कचोरीवाल्यानं झारा टाकला आणि रस्त्यातच एक ऑटो आडवा केला. आतल्या सवाऱ्या आपणहून उतरल्या. "काकाले घ्या आधी, काकाले घ्या!" कोण बोललं ते मला आजही माहीत नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं ईसीजीची पट्टी बघितली आणि माझ्याकडे न बघता नर्सला भराभर सांगायला लागला. अटॅक चालू होता, त्याच क्षणी. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि ॲम्ब्युलन्सनं अकोल्याला नेलं. तिथं एक मोठी नस पूर्ण बंद निघाली, स्टेंट टाकला. मुलगा मेहकरहून पोचला तेव्हा मी बाकावर बसले होते, पायात चप्पल नाही, आणि मूठ तशीच बंद. त्यानं माझी बोटं एक एक करून उघडली. "आई, हे काय होय?" म्हणाला. ओवा होता.

अकोल्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, "ॲसिडिटी समजून घरी झोपून राहिले असते तर काही खरं नव्हतं. तुम्हाला कसं काय सुचलं हो?" मी काय सांगणार होते!

हे बरे होऊन मेहकरला आल्यावर मी सामान आणायला मुलाबरोबर शेगावला गेले. माझ्या डोक्यात एकच होतं, याचा छडा लावायचा. ऑफिसातल्या माणसाला विचारलं, दिवाळीनंतर इथं कोण राहिलं होतं. त्यानं सांगितलं, तेव्हा या फ्लॅटला रंग देणं चालू होतं, कोणीच नव्हतं. झाडणाऱ्या पोरीला गडव्याचं विचारलं, ती म्हणाली, "मले कोणी काही देल्लं नाही बा." म्हणजे कौसल्याबाई एकटीच. मग मी तिलाच गाठलं.

"तुमचा गडवा कुठाय? मला दाखवा."

ती कसनुशी झाली. "तवर मांडणीवरच होता ताई. तुमच्या ह्यायले दवाखान्यात नेलं, त्या दिवशी घरी जाऊन पाहतो तं नाही. घर पालथं घातलं मी."

मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, चला, बाई खोटी बोलते. कुठून तरी आमचं नाव कळलं, कोणाचं तरी कारस्थान. मी पर्स उचलली आणि निघाले, तेवढ्यात ती मागून म्हणाली, "पण ताई, तुमची भिवई चांगली झाली."

मी थांबले.

"कोणती?"

"डावी. तवा अर्धीच होती ना? इथून पुढं केसच नोयते." आणि तिनं स्वतःच्या भिवईवर बोट ठेवून दाखवलं. नेमकं तिथंच, जिथं माझी तुटते.

मुलगा बाजूला उभा होता. तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला, त्यालाही हे माहीत नव्हतं. मी तिथंच पायरीवर खाली बसले.

या गोष्टीवर मी खूप विचार केलाय. त्या दिवाळीत मी पार्लरमधले मेहंदीचे कोन मोजत होते आणि हे जिवंत होते, रोज चहावरून माझ्याशी भांडत होते. भजेही केले होते मी, जळजळही झाली होती. ओवाही दिला होता! पण तेव्हा हे झोपले आणि उठले. निदान माझ्याकडे तरी उठले. यापलीकडे मला काही समजत नाही. तुमच्यातल्या कोणी शहाण्यानं कॉमेंटमध्ये समजावून सांगितलं तर मी वाचेन, पण पटेल असं वाटत नाही.

गडवा माझ्याकडे आहे. हे म्हणतात, मोडीत टाक. मी टाकत नाही. तो कोण्या तरी निर्मलानं पैसे देऊन, नाव घालून आणलाय. तिनं तेरवी केली, बुंदी वाढली. एकटी शेगावला आली आणि नवऱ्यानं शोधलेल्या घरात राहून, ओट्यापाशी बसून रडली. केस काळे करायचे सोडले तिनं. भिवई भरायची सोडली. कोणासाठी भरायची? तरी जाताना येणाऱ्याला पाणी प्यायला गडवा ठेवून गेली. त्या गडव्याचं पाणी ह्यांना पाजायची वेळ आली नाही, तिच्यामुळे.

मी वाचले. ती नाही वाचली. हे मनातून जात नाही.

हल्ली रोज सकाळी अंघोळ करून मी आरशासमोर बसते तेव्हा पेन्सिल लगेच लावत नाही. घडीभर तशीच बघते. ओले केस, कपाळ रिकामं, डावी भिवई अर्धी. आतून ह्यांचं खाकरणं ऐकू येतं, मग पेपर कुठंय म्हणून हाक येते. तेव्हा मी आरशातल्या त्या बाईला हळूच सांगते, "उठले गं. चहा मागून राह्यले."

मग कुंकू लावते.